कोणते पाटील? कोणते चव्हाण?

एकाच आडनावाचे, कधी एकाच नावाचे पुढारी आणि अधिकारी यांच्याबद्दल वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न या वेळच्या सदरात घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बातमीत ‘चंद्रकांत पाटील’ वाचले की ते कोथरूडचे की मुक्ताईनगरचे, हे कळत नाही. गुजरातचे सी. आर. पाटील हेही चंद्रकांतच, असे कोणी तरी म्हणाले. खरे काय? (एक वाचक, भुसावळ)

खरे आहे. तिघेही चंद्रकांत पाटीलच. चंद्रकांत बच्चू पाटील हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातले. आधी पुणे पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर होते, २०१९ पासून कोथरूडचे भाजपचे आमदार. चंद्रकांत निंबा पाटील २०१९ मध्ये मुक्ताईनगरमधून अपक्ष निवडून आले, २०२४ मध्ये शिवसेनेच्या धनुष्यबाणावर. तिसरे चंद्रकांत रघुनाथ पाटील, म्हणजे सी. आर. हे जन्माने जळगाव जिल्ह्यातले, राजकारण सगळे सुरतेत. नवसारीचे खासदार आणि २०२४ पासून केंद्रात जलशक्ती मंत्री.

हा घोळ किती वाढू शकतो ते जून २०२२ मध्ये दिसले. शिवसेनेचे बंडखोर आमदार आधी सुरतेला गेले, मग गुवाहाटीला. तेव्हा गुजरात भाजपचे अध्यक्ष सी. आर. पाटील, महाराष्ट्र भाजपचे अध्यक्ष कोथरूडचे चंद्रकांत पाटील आणि गुवाहाटीत जाऊन बंडखोरांना मिळालेले अपक्ष आमदार मुक्ताईनगरचे चंद्रकांत पाटील. एकाच बातमीत तिघे! ‘चंद्रकांत पाटील यांची महत्त्वाची भूमिका’ एवढाच मथळा दिला तर तो तिघांनाही लागू पडावा.

इथे जिल्हा सांगून भागत नाही, कारण तिघांपैकी दोघांची मुळे जळगावात. पक्षानेही भागत नाही, कारण दोघे भाजपचे. भरवशाची खूण एकच, वडिलांचे नाव. आपल्याकडे मधले नाव लिहायची पद्धत आहे ती इथे उपयोगी पडते. इंग्रजी बातम्यांत मधले नाव गाळतात आणि तिथून भाषांतर होऊन आलेल्या मराठी बातमीत गोंधळही आयता येतो.

हीच खूण आणखी दोन जोड्यांना लावा. जयंत राजाराम पाटील इस्लामपूरचे, राजारामबापूंचे चिरंजीव. जयंत प्रभाकर पाटील अलिबागचे, शेतकरी कामगार पक्षाचे. हे दोघे वर्षानुवर्षे एकाच वेळी विधिमंडळात होते, एक विधानसभेत आणि दुसरे विधान परिषदेत. ‘जयंत पाटील सभागृहात म्हणाले’ या वाक्यात कोणते सभागृह ते लिहिले नसेल तर वाक्य अर्धेच. आता त्यात रवींद्र चव्हाणांची भर पडली आहे. डोंबिवलीचे रवींद्र दत्तात्रय चव्हाण जुलै २०२५ मध्ये भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले. रवींद्र वसंतराव चव्हाण हे नांदेडचे काँग्रेसचे खासदार. वडिलांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत ते अवघ्या १,४५७ मतांनी निवडून आले.

प्रश्न : महाराष्ट्राला चार चव्हाण मुख्यमंत्री मिळाले. ते सगळे एकाच घराण्यातले का? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वाचक, परभणी)

नाही. चार मुख्यमंत्री, तीन घराणी.

यशवंतराव चव्हाण देवराष्ट्रे गावचे, कर्मभूमी कऱ्हाड. १ मे १९६० ला राज्य झाले तेव्हाचे पहिले मुख्यमंत्री. शंकरराव चव्हाण मराठवाड्यातले, जन्म पैठणचा आणि राजकारण नांदेडचे. ते दोनदा मुख्यमंत्री झाले, १९७५ ते १९७७ आणि १९८६ ते १९८८. अशोक चव्हाण त्यांचे पुत्र, २००८ ते २०१०. पृथ्वीराज चव्हाण पुन्हा कऱ्हाडचे, २०१० ते २०१४.

परीक्षेत चूक होते ती कऱ्हाडवरून. यशवंतराव कऱ्हाडचे, पृथ्वीराजही कऱ्हाडचे, म्हणून दुसरे पहिल्याचे वारस असे पुष्कळ जण धरून चालतात. पृथ्वीराज हे आनंदराव आणि प्रेमलाकाकी चव्हाण यांचे पुत्र. आई-वडील दोघेही कऱ्हाडचे खासदार. आनंदराव तर १९५७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे यशवंतरावांच्या काँग्रेसविरुद्ध निवडून आले होते. यशवंतरावांना मूलबाळ नव्हते, हे लक्षात ठेवले की गोंधळ उरत नाही. अशोकरावांनी नोव्हेंबर २०१० मध्ये राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी पृथ्वीराज आले. एका चव्हाणांकडून दुसऱ्या चव्हाणांकडे खुर्ची गेली, पण नाते काही नाही.

बाकी आडनावांचा हिशेबही सोबत घ्या. नाईक दोन, वसंतराव आणि सुधाकरराव. हे मात्र खरोखर काका-पुतणे, पुसदचे. पाटील दोन, वसंतदादा आणि शिवाजीराव निलंगेकर, नाते नाही. शिंदे दोन, सोलापूरचे सुशीलकुमार आणि ठाण्याचे एकनाथ, नाते नाही. राज्यात पाटलांची संख्या बघता मुख्यमंत्री दोनच झाले, याचे काहींना आश्चर्य वाटते.

प्रश्न : वळसे पाटील, विखे पाटील आणि पाटील निलंगेकर, पाटील चाकूरकर. पाटील कधी आधी, कधी नंतर, असे का? सूचीत नाव कोणत्या अक्षराखाली लावायचे? (ग्रंथालय कर्मचारी, लातूर)

पाटील हे मुळात आडनाव नव्हे, वतन. गावचा मुख्य तो पाटील, हिशेब ठेवणारा कुलकर्णी, परगण्याला देशमुख आणि देशपांडे. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, महसुली पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने. पद गेले, नाव चिकटून राहिले. त्यामुळेच ते एकाच जातीचे, एकाच भागाचे किंवा एकाच कुळाचे नाही. जिथे गाव तिथे पाटील. दोन पाटील नातेवाईक असतीलच असे धरणे म्हणजे दोन तलाठी भाऊ असतील असे धरण्यासारखे.

आता आधी की नंतर ते. ढोबळ नियम असा : पाटीलच्या आधी येते ते घराण्याचे मूळ आडनाव. वळसे, विखे, मोहिते ही कुळाची नावे आणि पाटील हा त्यांचा मान. पाटीलच्या नंतर येते ते गाव. निलंग्याचे ते निलंगेकर, चाकूरचे ते चाकूरकर. लातूर जिल्ह्यात एकाच काळात शिवाजीराव पाटील आणि शिवराज पाटील असे दोन मोठे पुढारी होते, एक मुख्यमंत्री झाले आणि दुसरे लोकसभेचे अध्यक्ष व पुढे केंद्रीय गृहमंत्री. गावाचे नाव जोडल्याशिवाय सोयच नव्हती.

सूचीसाठी : वळसे पाटील ‘व’खाली, विखे पाटील ‘वि’खाली लावा. निलंगेकर आणि चाकूरकर ‘पाटील’खाली लावा आणि ‘निलंगेकर : पाहा पाटील, शिवाजीराव’ अशी एक जादा नोंद करा, कारण वाचक येऊन निलंगेकरच मागणार. नुसत्या ‘पाटील’खाली शंभर नोंदी झाल्या तर आडनाव, नाव, वडिलांचे नाव, आणि कंसात मतदारसंघ किंवा जन्मवर्ष, या क्रमाने लावा. पद कंसात घालू नका. मंत्रिपद बदलते, मग कार्डे बदलत बसावे लागते.

प्रश्न : ‘पोलीस पाटील कदम’ म्हणजे पोलीस खात्यातले पाटील की कदम? (एक वाचक, कल्याण)

कदम. पोलीस पाटील हे गावपातळीचे पद आहे, महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ खालचे. मानधनावरचे काम, पोलीस ठाण्याचा कर्मचारी नव्हे. ‘पोलीस पाटील पाटील’ असेही लिहावे लागते आणि ते मुद्रणदोष नसते.

प्रश्न : निवडणुकीत मोठ्या उमेदवाराच्याच नावाचा कोणी अपक्ष उभा राहतो. हे कायद्यात बसते का? त्याने निकाल खरेच फिरतो का? आणि मतदाराने काय बघावे? (तीन पत्रे : रोहा, तासगाव, नाशिक)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : बसते. पंचवीस वर्षे पूर्ण, मतदार यादीत नाव, दहा सूचक आणि अनामत रक्कम (लोकसभेला २५,००० रुपये, विधानसभेला १०,०००, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी) एवढे असले की अपक्षाचा अर्ज भरता येतो. नाव कोणासारखे आहे हे छाननीत अर्ज बाद करण्याचे कारण नाही. मे २०२४ मध्ये अशा उमेदवारांना आवर घालावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली होती. आई-वडिलांनी ठेवलेल्या नावामुळे कोणाचा निवडणूक लढवण्याचा हक्क कसा काढायचा, असा न्यायालयाचा सूर होता आणि याचिका पुढे गेली नाही.

दुसऱ्याचे उत्तर : लढत अटीतटीची असली तर फिरतो. आपल्याकडचे ठळक उदाहरण रायगडचे. २०१४ च्या लोकसभेत सुनील तटकरे अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी हरले. त्याच मतपत्रिकेवर दुसरे एक सुनील तटकरे अपक्ष होते, त्यांना ९,८४९ मते पडली. केरळात अलप्पुळा मतदारसंघात २००४ साली व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी पडले आणि त्यांच्याशी नाव जुळणाऱ्या अपक्षाने आठ हजारांवर मते घेतली. ही सगळी मते चुकून पडली असे कोणी सिद्ध करू शकत नाही, हेही खरे. पण ज्याने सभा घेतली नाही, ज्याचा फलक कुठे लागला नाही, त्याला एवढी मते दुसऱ्या कोणत्या कारणाने पडतील?

२०२४ च्या लोकसभेत दिंडोरीला नाव आणि चिन्ह दोन्ही जुळले. राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे भास्कर भगरे ‘भगरे सर’ म्हणून ओळखले जातात, चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. अपक्षांत दुसरे एक भगरे, नावापुढे तेही ‘सर’, आणि चिन्ह नुसती ‘तुतारी’, लोक जिला पिपाणी म्हणू लागले ती. त्यांना एक लाख तीन हजारांवर मते पडली. भास्कर भगरे तरीही लाखाहून अधिक मतांनी आले म्हणून बोभाटा कमी झाला. साताऱ्यात आडनावाचा संबंध नव्हता, फक्त पिपाणी होती. तिथे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मते. म्हणजे नाव आणि चिन्ह यांतले एक जरी जुळले तरी फटका बसतो.

असे का होते ते मतपत्रिकेच्या रचनेवरून कळेल. नावे तीन गटांत लावतात : आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात वर्णानुक्रम. क्रम ठरवताना आद्याक्षरे आणि डॉ., प्रा. असली उपपदे धरत नाहीत, पण उपपद छापायला परवानगी मिळू शकते. त्यामुळे मोठ्या पक्षाचा उमेदवार वरच्या चार-पाच नावांत असतो आणि त्याचा जुळा खाली, बऱ्याचदा दहाच्या पुढे. ज्या मतदाराला ‘आपले नाव खाली आहे’ असे कोणी मोघम सांगितले, किंवा जो फक्त आडनाव शोधतो आणि नजर आधी खाली जाते, तो फसतो. एका मतदान युनिटवर १६ बटणे असतात आणि त्यातले एक ‘नोटा’चे. उमेदवार पंधराच्या वर गेले की दुसरे युनिट शेजारी लागते आणि गोंधळाला जागा वाढते.

उमेदवाराच्या बाजूने करण्यासारख्या गोष्टी तीन आहेत आणि त्या सगळ्या माघारीची मुदत संपून यादी पक्की होण्याच्या आधी कराव्या लागतात. एक, अर्जात नाव लोक ओळखतात तसे लिहावे. टोपणनाव हवे असेल तर तेव्हाच लेखी मागावे. नावाचे रूप किंवा शुद्धलेखन दुरुस्त करून घ्यायचा अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे यादी तयार होईपर्यंतच चालतो. दोन, छाननीनंतर वैध उमेदवारांची यादी स्वतः वाचावी. आपल्या नावाचा दुसरा कोणी दिसला तर १९६१ च्या निवडणूक नियमांतली तरतूद दाखवून वेगळेपणाची खूण मागावी. दोन उमेदवारांचे नाव एकच असेल तर व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा अन्य रीतीने ती नावे वेगळी दाखवायची, असे नियम सांगतो. ग्यानबाची मेख इथेच आहे : नियम ‘तेच नाव’ म्हणतो. ‘सुनील दत्तात्रेय’ आणि दुसऱ्या कोणा वडिलांचा ‘सुनील’ ही कागदावर दोन निराळी नावे धरली जाऊ शकतात. तीन, चिन्हवाटपाच्या वेळी प्रतिनिधी हजर ठेवावा. तुमच्या चिन्हासारखे दिसणारे मुक्त चिन्ह (कोणत्याही पक्षासाठी राखून न ठेवलेले) नामसाधर्म्यवाल्याने मागितले तर हरकत तिथेच नोंदवायची असते. मतपत्रिका छापायला गेल्यावर कोणी ऐकत नाही.

मतदारासाठी मात्र १ मे २०१५ नंतर परिस्थिती सुधारली आहे. नामसाधर्म्याचाच विचार करून निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर फोटो आणला. दोन सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर उंच, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, डोळे उघडे, गेल्या तीन महिन्यांतला. टोपी आणि काळा चष्मा टाळायचा. मात्र फोटो दिला नाही म्हणून अर्ज बाद होत नाही, जागा कोरी राहते. सुरुवातीचे फोटो कृष्णधवल आणि बारीक असत. वयस्कर मतदाराला दोन मिशीवाल्या चेहऱ्यांतला फरक दिसायचा नाही. २०२५ च्या बिहार विधानसभेपासून फोटो रंगीत झाला, चेहऱ्याने फोटोची तीन चतुर्थांश जागा व्यापावी असे ठरले आणि अनुक्रमांक मोठ्या ठळक अंकांत आले.

तेव्हा मतदाराने घरून निघताना तीन गोष्टी पाठ कराव्यात : अनुक्रमांक, चिन्हाचे नेमके चित्र, आणि उमेदवाराचे मधले नाव. नुसते आडनाव पाठ करून जाणे धोक्याचे. २०२४ मध्ये सांगलीत लोकसभेच्या तिन्ही प्रमुख उमेदवारांचे आडनाव पाटील होते : विशाल, संजयकाका आणि चंद्रहार. ‘पाटलांना मत द्या’ म्हणून सांगणाऱ्याने काय सांगितले? बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असते, फोटो नसतो. सात सेकंद पुरतात, पण आधी काय बघायचे ते ठाऊक हवे. चूक दिसली तरी मत बदलता येत नाही.

प्रश्न : आता मंत्र्यांच्या पाट्यांवर आईचेही नाव दिसते. याने सारख्या नावांचा प्रश्न सुटेल का? (एक वाचक, ठाणे)

काही अंशी. मार्च २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयानुसार १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आला. मंत्र्यांनी पाट्या तशा करून घेतल्या, ‘एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे’ अशा. चार शब्दांत दोन माणसे तंतोतंत जुळण्याची शक्यता फारच कमी. पण आज निवडणूक लढवणारे सगळे १ मे २०२४ च्या आधी जन्मलेले, त्यांच्यावर सक्ती नाही.

प्रश्न : तालुक्याच्या कार्यालयात ‘मा. पाटील साहेब’ या नावाने अर्ज पाठवला. दोन महिने झाले, उत्तर नाही. चौकशी केली तर तिथे तीन पाटील. काय करावे? (शेतकरी वाचक, जि. सोलापूर)

अर्ज माणसाच्या नावाने नव्हे, पदाच्या नावाने करायचा. साहेबाची बदली होते (राज्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा), पद जागेवर राहते. ‘प्रति, तहसीलदार, अमुक तालुका’ असे लिहा. विषयात गाव, गट क्रमांक आणि मागणी एका ओळीत. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पुढच्या पत्रात साहेबाचे नाव नको, तो आवक क्रमांक लिहा.

आधीचा अर्ज कुठे पडला हे शोधायचे असेल तर माहितीचा अधिकार वापरा. तोही ‘जन माहिती अधिकारी’ या पदनामाने, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘पाटील साहेबांनी काय केले’ असे विचारू नका. ‘अमुक तारखेच्या अर्जावरील टिप्पणी व जावक नोंदीची प्रत द्यावी’ असे मागा.

कार्यालयातल्या तीन पाटलांतला आपला कोणता हे पक्के करायचे तर आदेशावरची सही पुरत नाही, सहीखालचे पदनाम आणि शाखा बघा. सरकारच्या पगारपत्रकात तरी हा घोळ होत नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याला पगारासाठी मिळणाऱ्या सेवार्थ क्रमांकात खात्याची अक्षरे, नाव, वडील आणि आडनाव यांची आद्याक्षरे, स्त्री की पुरुष, जन्मवर्षाचे दोन अंक आणि शेवटी दोन आकडी क्रम असतो. एकाच खात्यात, एकाच वर्षी जन्मलेले दोन ‘एस. आर. पाटील’ निघाले तर एकाला ०१ आणि दुसऱ्याला ०२.

प्रश्न : सोलापूरचे विजयकुमार देशमुख आणि सुभाष देशमुख हे भाऊ का? आणि गोव्याचे राणे, कोकणातले राणे? (दोन पत्रे)

दोन्हींना उत्तर ‘नाही’ असेच. दोन्ही देशमुख भाजपचे, २०१४ च्या मंत्रिमंडळात दोघेही, एक सोलापूर शहर उत्तरचे आमदार, दुसरे सोलापूर दक्षिणचे. नात्याचे सोडाच, स्थानिक बातम्यांत ‘दोन देशमुखांचे दोन गट’ असेच वाचायला मिळायचे. प्रतापसिंह राणे गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचे, १९७२ पासून पन्नास वर्षे गोव्याच्या विधानसभेत. नारायण राणे सिंधुदुर्गचे, १९९९ मध्ये काही महिने महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. घराणी वेगळी.

प्रश्न : उमेदवार नक्की कोण, हे घरबसल्या तपासता येते का? (एक वाचक, पुणे)

येते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवारांची शपथपत्रे असतात. नमुना २६ उघडा. पहिल्याच पानावर वडील किंवा पतीचे नाव, वय, पूर्ण पत्ता, पक्ष की अपक्ष, आणि मतदार यादीतला भाग क्रमांक व अनुक्रमांक मिळतो. सारख्या नावाचे दोन उमेदवार असले तर दोघांची शपथपत्रे शेजारी ठेवून आधी वय आणि पत्ता ताडून बघा. जुन्या निवडणुकांचे निकाल चाळताना एक काळजी घ्या : तिथे नाव मतपत्रिकेवर होते तसेच छापलेले असते, कधी आडनाव आधी, कधी टोपणनावासकट. एकाच माणसाची दोन निवडणुकांत दोन रूपे सापडतात आणि दोन माणसांचे रूप एक दिसते. म्हणून शोध नावाने घ्या, पण खात्री मतदारसंघ आणि वर्ष जुळल्यावरच करा.